म्हाताऱ्या पेशंटच्या उशाशी आधी तुम्ही बसा : नर्सिंगच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातल्या नर्सिंग शाळा आणि महाविद्यालयांतल्या सर्व पाठ्यनिर्देशिका, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि प्राचार्य यांना,

स. न. वि. वि.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका (वॉर्ड सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा भाग मेडिकल वॉर्डात गेला. त्या वॉर्डात दरवर्षी आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांची मुलंमुली पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, येत. आता गावी राहते. दवाखान्यातून घरी आलेली म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसतात आणि तिथलं सगळं सांगतात, त्यामुळे वॉर्ड सुटला तरी वॉर्डाची खबर लागत राहते. हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण म्हाताऱ्या पेशंटशी कसं वागायचं हे ते पुस्तकातून कमी आणि तुमच्याकडे बघून जास्त शिकतात.

"आजकालच्या पोरींना म्हाताऱ्यांची किळस येते," असं नातेवाईक म्हणतात, स्टाफ म्हणतो, तुमच्यापैकी काही जणी स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. या मुली येतात कुठून ते पाहा. घाटंजी, आर्णी, राळेगाव, धारणी, कुरखेडा, सिंदेवाही. बापाची दोन-चार एकर कोरडवाहू, माय निंदायला, कापूस वेचायला जाणारी. मुलीला घरी सांभाळलं ते आजीनं. अशी मुलगी पहिल्या वर्षी वॉर्डात येते तेव्हा तिला कोणी काही शिकवलेलं नसतं, तरी ती आजीच्या पायाशी जाऊन "जेवल्या का आजी?" म्हणून विचारते, घसरलेला पदर डोक्यावर घेऊन देते, चहात बिस्कीट बुडवून भरवते. तीच मुलगी तिसऱ्या वर्षी येते, एक शब्द न बोलता दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते, आकडा लिहिते आणि पुढच्या बेडला जाते. मुलगी तीच, घर तेच. मधल्या दोन वर्षांत ती आपल्या हाताखाली होती.

काय होतं या दोन वर्षांत? मी पाहिलेलं सांगते.

पोस्टिंगच्या पहिल्या सकाळी केस वाटप होतं. मॅडम फाइली चाळतात. ऱ्हुमॅटिक हार्टची (हृदयाच्या झडपा खराब झालेली) तरुण बाई, नेफ्रोटिकचा (मूत्रपिंडाच्या आजाराचा) मुलगा, जीबीएसचा (नसांच्या आजारानं हातपाय लुळे पडलेला) पेशंट, या "चांगल्या केसेस". केस स्टडीला, केअर प्लॅनला, प्रेझेंटेशनला त्या दिल्या जातात. कोपऱ्यातल्या बेडवर अर्धांगाचे आजोबा असतात. "त्यात काय आहे, बेडरिडन आहे" (अंथरुणाला खिळलेला) म्हणून फाइल बाजूला पडते. पण दुपारी बारा वाजता त्याच आजोबांपाशी गर्दी होते, कारण प्रोसिजर बुकात, म्हणजे केलेल्या कामांवर शिक्षकांची सही घ्यायच्या वहीत, बॅक केअर, बेड बाथ, माउथ केअर, कॅथेटर (लघवीची नळी) केअर यांच्या सह्या बाकी असतात. एकाच सकाळी तीन वेगवेगळ्या मुली येऊन त्याच पाठीला तीनदा स्पिरिट-पावडर लावून गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दुपारनंतर कूस बदलायला एकही नव्हती. मुलगी यातून काय शिकली? या माणसाचा आजार अभ्यासाच्या लायकीचा नाही, याचं अंग सह्या मिळवायची जागा आहे. हे कोणी तोंडानं बोललं नाही, तरी तिला ते पक्कं समजलं.

दुसरा प्रसंग. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी बाबा, डावी बाजू लुळी. बेडभोवती मुलींचं कडं, मधे मॅडम. चादर बाजूला सारून त्या पावलाची ठेवण, टाचेवरचा दाब, फूट ड्रॉप (पाऊल खाली लोंबणं) समजावून सांगत होत्या. शिकवणं उत्तम होतं, मीसुद्धा हातातलं काम ठेवून ऐकत उभी राहिले. पण बाबांचा चांगला हात सारखा खाली जात होता, धोतराचा सोगा ओढून मांडी झाकायला. सोगा पोचत नव्हता. एका मुलीच्या ते लक्षात आलं. तिनं चादर ओढून घ्यायला हात पुढे केला, मॅडमकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मग मॅडमनी नातवाला विचारलं, "यांना संडास-लघवीचं कळतं का?" नातू काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "मले विचार ना वं माय, मी आहो ना इथं." मॅडमनी नातवाकडूनच उत्तर घेतलं आणि सगळं कडं पुढच्या बेडला सरकलं.

त्या मॅडम वाईट होत्या असं मी म्हणत नाही. विषयात त्या माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होत्या. पण त्या दहा मिनिटांत मुलींनी दोन धडे घेतले. फूट ड्रॉपचा धडा परीक्षेपर्यंत टिकला असेल. दुसरा धडा जन्मभर टिकेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "बेडरिडन आहे, त्यात काय शिकायचं" हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनंच चूक आहे. दयामाया क्षणभर बाजूला ठेवू. वॉर्डातला सगळ्यात अवघड पेशंट म्हातारा असतो. तरुणाला न्यूमोनिया झाला की ताप येतो, खोकला येतो, चार्टवर दिसतो. म्हाताऱ्याला ताप कधीकधी येतच नाही, नुसतं खाणं सुटतं, तोल जाऊन पडणं होतं किंवा बरळणं सुरू होतं. हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, दम लागतो, गळून जायला होतं. शरीरातलं पाणी कमी झालं का हे बघायला आपण हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायला शिकवतो. सत्तरीच्या हातावर ती खूण फसवी असते, कारण कातडी आधीच सैल झालेली असते. वयानं तहानेची जाणीवही मंदावते. मे महिन्यात आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा वॉर्डातली आजी "तहान नाही" म्हणते म्हणून तिला पाणी न देणं किती धोक्याचं आहे ते तुम्हीच मुलींना सांगायला हवं. त्यात आणखी एक गोष्ट असते, ती कोणत्या पुस्तकात मला सापडली नाही. पुष्कळ आज्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. प्यायलं की लघवीला लागेल, लघवीला लागलं की कोणाला तरी पॉट मागावा लागेल, आणि मागितला की समोरची तोंड वाकडं करेल. चार्टवर आपण "इनटेक कमी" एवढंच लिहितो.

ऐकू येण्याचं घ्या. म्हातारपणी उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. वीस वर्षांच्या मुलीचा आवाज मुळात उंच, ती ओरडायला लागली की आणखी चढतो. आजोबांना गोंगाट ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, आणि वरून सगळ्या वॉर्डासमोर आपल्यावर कोणी खेकसतंय असं वाटतं. समोर येऊन, मास्क असेल तर जपून, खालच्या आवाजात सावकाश बोललं की बहुतेकांना समजतं. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. पण वॉर्डात मॅडम स्वतःच "ओ आजोबाऽऽ" करून ओरडत असतील तर ती पाच मिनिटं फुकट. शीर शोधण्याचंही तसंच. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण असलेला हात, खाली सरकणारी शीर, पातळ कातडी. तिथं टूर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) हलका बांधायचा, कॅन्युला (शिरेत घालायची नळी) बारीक घ्यायची, चिकटपट्टी काढताना कातडी सोलून येऊ द्यायची नाही. ज्या मुलीला हे जमलं तिला कोणाचीही शीर सापडेल.

आणि तो शब्द, "नॉन-कोऑपरेटिव्ह", म्हणजे पेशंट सहकार्य करत नाही. नर्सेस नोट्समध्ये म्हाताऱ्यांच्या पानावर तो किती वेळा येतो ते एकदा मोजून पाहा. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. दाखल झाले तेव्हा नीट बोलत होते. मग एका रात्रीपासून आरडाओरडा, सलाईन उपटणं, बेडवरून उतरायची धडपड. दोन्ही हात पट्टीनं बांधले गेले, नोट्समध्ये "नॉन-कोऑपरेटिव्ह" लिहिलं गेलं. लघवी होते का याची कोणाला शंका आली नाही, कारण चादर सारखी ओली होत होती. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चादर बदलायला गेली. बदलता बदलता ती त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत राहिली, "काय दुखते बाप्पा, कुठं दुखते?" त्यांनी बांधलेला हात ओढून ओढून पोटाकडे नेला. तिनं ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक. लघवी तुंबलेली होती आणि भरून थेंब थेंब गळत होती. ती धावत ड्यूटी डॉक्टरकडे गेली. कॅथेटर टाकला, बॅग भरली. संध्याकाळी आजोबा शांत झोपले होते आणि दुसऱ्या दिवशी मुलाला विचारत होते की श्रावणबाळचे पैसे बँकेत जमा झाले का.

मी या मुलीला म्हटलं, हीच केस प्रेझेंटेशनला घे. डिलिरियम (आजारानं अचानक आलेला भ्रम) आहे, प्रोस्टेट आहे, रिस्ट्रेंटचा (पेशंटला बांधून ठेवण्याचा) प्रश्न आहे, सगळं यात आहे. ती आनंदानं विचारायला गेली. उत्तर मिळालं, "परीक्षेत विचारतील अशी केस घे." ती डायबेटिक किटोअॅसिडोसिसची (मधुमेहातल्या एका गंभीर अवस्थेची) केस घेऊन आली. छान मांडली तिनं, मार्कही मिळाले. पण आपण तिच्या हातात आलेली सोन्यासारखी गोष्ट काढून घेतली याचं मला आजही वाईट वाटतं.

यात अभ्यासक्रमाचाही दोष आहे, तो मला मान्य आहे. लहान मुलांसाठी वेगळा विषय, बाळंतिणीसाठी वेगळा विषय, मनोरुग्णांसाठी वेगळा विषय. वृद्धांची शुश्रूषा मात्र मेडिकल-सर्जिकलच्या पोटातलं एक युनिट, तेही बहुधा सत्र संपताना घाईघाईत उरकलेलं. इकडे गावं म्हातारी होत चालली आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटींहून जास्त होती आणि त्यांचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त होतं. आपल्या भागात ते कागदावर बघायची गरज नाही. पोरं पुण्याला, नागपूरला, सुरतेला. घरी दोघं, नाहीतर एकटी आजी. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा वॉर्ड धरलेला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयात त्यांच्यासाठी शक्य तितक्या खाटा आणि वेगळी रांग ठेवायला सांगितलं आहे. खाट देता येते. त्या खाटेपाशी उभी राहणारी नर्स तुम्ही घडवायची असते.

नातेवाइकांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. आपले वॉर्ड नातेवाइकांच्या जिवावर चालतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. भरवणं, पॉट देणं, कूस बदलणं, औषध आणणं, रिपोर्टसाठी धावणं, सगळं घरची माणसं करतात. म्हणून ज्याच्यासोबत कोणी नाही अशा म्हाताऱ्याजवळ गेलं की शुश्रूषा म्हणून आपण खरोखर काय करतो ते उघडं पडतं. शेजाऱ्यानं एसटीत बसवून आणलेली, दाखल करून संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेलेला, अशी आजी कोणाला नको असते. ताट बेडजवळच्या लॉकरवर येतं आणि तसंच परत जातं, कारण तिचा हात तिथपर्यंत पोचत नाही. मावशी म्हणते माझं काम नाही, स्टाफ सिस्टरला पन्नास पेशंट, विद्यार्थिनीला वाटतं ताट भरवणं हे काही प्रोसिजर नाही. खरंच नाही का? गिळताना ठसका लागतो का बघणं, मान पुढे वाकवून बसवणं, घास केवढा द्यायचा, लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहिलं का ते तपासणं, यातलं एक चुकलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन माणूस दगावतो. हे प्रोसिजर बुकात सहीला ठेवा आणि सही करताना तुम्ही तिथं बसा.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं समजू नका. अर्ध्याहून जास्त पदं कंत्राटी, पगार तीन-तीन महिने उशिरा, एका शिक्षिकेमागे मुलींचा एवढा घोळका की हजेरी घेतानाच घसा बसतो. काही कॉलेजांना स्वतःचं रुग्णालयच नाही, दुसऱ्याच्या वॉर्डात पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं. स्टाफ कमी म्हणून मुलींना राबवून घेतलं जातं, रात्रपाळी करून त्या सकाळी वर्गात डुलक्या घेतात. एम.एस्सी. करून थेट शिकवायला आलेल्या काही जणींनी म्हाताऱ्या पेशंटची एक सलग रात्रपाळी कधी केलेलीच नसते, आणि हा त्यांचा एकट्यांचा दोष नाही. हे सगळं बदलायला नर्सिंग कौन्सिल, विद्यापीठ, सरकार लागेल, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण आजोबांची मांडी झाकायला कोणताही जीआर लागत नाही.

वृत्ती मोजायची साधनं आहेत, ती तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहेत. नॅथन कोगन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली ३४ विधानांची प्रश्नावली नर्सिंगच्या संशोधनात जगभर वापरली जाते. निम्मी विधानं म्हाताऱ्यांबद्दल चांगलं बोलणारी, निम्मी वाईट, आणि प्रत्येकाशी आपण किती सहमत ते सांगायचं. अनेक देशांत केलेल्या पाहण्यांत विद्यार्थ्यांनी पुढे कुठे काम करायला आवडेल या यादीत वृद्धांची शुश्रूषा तळाशी टाकलेली आढळते. आपल्याकडेही विद्यार्थ्यांकडून असे फॉर्म भरून घेतले जातात. माझी विनंती आहे की या वर्षी एकदा तो फॉर्म शिक्षकांनी भरावा. नाव लिहू नका, कोणाला दाखवू नका, पण भरा, आणि मग तोच मुलींना द्या. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले की शिकवण्याची सुरुवात कुठून करायची ते कळेल.

गावातल्या पोस्टिंगबद्दलही सांगायचं आहे. तुमच्या मुली सर्व्हेला आमच्या गावात येतात. अंगणात म्हातारे बसलेले असतात, ते बाज रिकामी करून देतात, आतून पाणी मागवतात. मुली फॅमिली फोल्डर (घराच्या माहितीची फाइल) उघडतात. "आजोबा, बीपी आहे? शुगर आहे? संडास आहे?" तीन प्रश्न आणि उठल्या. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, औषधाच्या गोळ्या रंगावरून ओळखतात, सकाळची संध्याकाळी घेतात, रात्री अंगणात जाताना उंबऱ्याला ठेचकाळतात, हे त्या तीन प्रश्नांत येत नाही. एका घरी अर्धा तास बसू द्या. गोळ्यांची पिशवी ओतून बघायला सांगा, न्हाणीची वाट चालून बघायला सांगा. पाच घरांऐवजी दोन घरं झाली तरी चालतील. त्यांच्या फोल्डरवर सही करताना तुम्ही घरांची संख्या बघता की आतलं लिहिलेलं, याच्यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून मागणी एवढीच. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी पहिली केस वॉर्डातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पेशंटची द्या आणि ती सगळ्यात हुशार मुलीला द्या. बेडसाइड क्लिनिक (पेशंटच्या बेडपाशी शिकवणं) सुरू करताना स्टूल ओढून स्वतः बसा, पेशंटला नावानं किंवा आजी-बाबा म्हणून हाक मारा, चादर काढायच्या आधी विचारा आणि काम झालं की स्वतःच्या हातानं पांघरा. प्रॅक्टिकल परीक्षेला एक पेशंट साठीच्या वरचा असू द्या, आणि विद्यार्थिनी त्याच्याशी कशी बोलली याला मार्क ठेवा. मार्क ठेवले की मुली ते मनापासून करतात, कारण मुळात त्यांना ते करायचंच असतं. नोट्समध्ये कोणी "नॉन-कोऑपरेटिव्ह" लिहिलं तर सही करू नका. काय केलं, कधी केलं, त्याआधी लघवी-संडास कधी झाली, दुखतं कुठे, चष्मा आणि कवळी जवळ आहे का, तंबाखू बंद केल्याला किती दिवस झाले, हे लिहून आणायला सांगा.

हे पत्र तुमच्या हातून विद्यार्थ्यांपर्यंत जाईल, म्हणून त्यांनाही दोन शब्द. पोरींनो, पोरांनो, पहिल्या वर्षी तुम्ही आजीला "जेवल्या का" म्हणून विचारत होता, ते बावळटपणाचं नव्हतं. मॅडमसमोर हात मागे घेऊ नका. चादर ओढून द्या. कोणी रागावलं तर हे पत्र दाखवा, मी येऊन बोलेन.

नवीन बॅचचं पोस्टिंग लवकरच सुरू होईल. आमच्या गावात पाठवायची असेल तर खुशाल पाठवा, सोबत एखादी शिक्षिकाही यावी. कोणत्या घरी कोण एकटं राहतं, कोणाला कमी ऐकू येतं, कोण गोळ्या चुकवतं, हे मला ठाऊक आहे. मी बरोबर फिरेन. जेवायची सोय माझ्याकडे होईल.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिसेविका
जिल्हा यवतमाळ